बासष्ट नंबर

नया बाजारातल्या आमच्या घरी, दुसऱ्या मजल्यावरच्या पूर्वेच्या खिडकीत, एक काचेची बाटली उभी असते. अर्ध्या वितीहून थोडी उंच. पोट गोल, मान आखूड, तोंडाला बाहेर वळलेली किनार. आत घासून बसवलेलं काचेचं झाकण, त्याचं खालचं टोक बोरूसारखं तिरकं कापलेलं. मानेवर आणि झाकणावर एकच आकडा कोरलेला आहे: ६२. झाकण जिथे टेकतं तिथे तांदळाच्या कणीएवढा टवका उडालाय. तेवढ्यासाठी तिला निवृत्त केलं. मोडीत जाणाऱ्या काचेच्या खोक्यातून मी तिला मागून घेतली आणि गोव्याहून ग्वाल्हेरपर्यंत मांडीवर ठेवून आणली.

आजीने तिला हातात घेऊन उजेडात फिरवलं. झाकण काढलं, पुन्हा बसवलं. काच काचेवर बसतानाचा तो बारीक आवाज ऐकून तिचा चेहरा खुलला. देवघरात काशीहून आलेला, डाख लावून बंद केलेला गंगेचा गडू आहे. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "गंगेसाठी बरी आहे गं. जराही वारा जायचा नाही."

"आजी, ही खाऱ्या पाण्याची आहे."

"मग काय झालं? गंगा शेवटी जाते कुठे?"

आजीने जन्मात समुद्र पाहिलेला नाही. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात वाढली, तिथेच लग्न होऊन आली, आणि समुद्र इथून कोणत्याही दिशेला शेकडो कोस दूर. तरीही बासष्टचा मुख्य गुण तिने एका वाक्यात सांगितला. या बाटलीत पाणी एकदा बंद झालं की बाहेरच्या हवेचा कणही आत जात नाही. झाकणाचं टोक तिरकं आहे ते शोभेसाठी नव्हे. झाकण आत उतरताना पाणी कडेने वर चढत जातं आणि शेवटचा बुडबुडासुद्धा बाहेर ढकलला जातो. सपाट टोक असतं तर त्याच्याखाली हवा अडकून बसली असती. त्या अडकलेल्या हवेने आमचं सगळं काम फुकट गेलं असतं, कारण काम होतं समुद्राने दिवसभरात किती प्राणवायू कमावला ते मोजण्याचं.

शेताचं पीक खळ्यावर दिसतं. समुद्राचं पीक डोळ्यांना दिसत नाही. पाण्याच्या वरच्या, उजेडाच्या थरात एकेका पेशीच्या वनस्पती तरंगत असतात, त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. पृथ्वीवर सूर्यप्रकाशातून जेवढं अन्न तयार होतं त्यातलं जवळजवळ निम्मं हे प्लवक तयार करतात. पण जगातल्या सगळ्या वनस्पतींचं वजन केलं तर त्यात प्लवकांचा वाटा शंभरात एकाएवढाही भरणार नाही. हे कोडं आमच्या बाजारातला कुठलाही दुकानदार सहज सोडवील. संध्याकाळी गल्ल्यात शंभर रुपये दिसले म्हणून दिवसभरात शंभराचाच धंदा झाला असं नसतं. माल आला, गेला, पुन्हा आला. प्लवक वाढतात आणि तितक्याच झपाट्याने खाल्ले जातात. म्हणून किती आहेत हे मोजून भागत नाही. किती तयार होतंय, दर दिवसाला किती, हे मोजावं लागतं. या मोजणीला प्राथमिक उत्पादकता म्हणतात. नाव रुक्ष आहे. पण बांगड्यापासून देवमाशापर्यंत समुद्रातल्या बहुतेक सगळ्यांची भाकरी त्या एका आकड्यात असते.

बासष्ट एकटी काम करत नसे. तिच्या बरोबर आणखी दोघी लागत. तिघींत एकाच खोलीवरचं, एकाच वेळचं पाणी भरायचं. पहिलीतला प्राणवायू तिथल्या तिथे मोजायचा, ती आरंभीची शिल्लक. दुसरी उजळ, तशीच उघड्या काचेची. तिसरी काळी, वरून काळी पट्टी गुंडाळलेली, उजेडाची तिरीपही आत जाणार नाही अशी. मग उजळी आणि काळी पुन्हा समुद्रात सोडायच्या आणि सूर्य मावळेपर्यंत थांबायचं. उजळीत कमाईही होते आणि खर्चही होतो, कारण प्लवक अन्न करतात तसे श्वासही घेतात. काळीत कमाई बंद, नुसता खर्च. संध्याकाळी उजळीतून काळी वजा केली की घराची एकूण कमाई हाती येते. नॉर्वेत गार्डर आणि ग्रान या दोघांनी १९२७ साली ही रीत मांडली. इतक्या साध्या वजाबाकीवर समुद्राची सुपीकता कळावी, याचं मला अजूनही नवल वाटतं.

बासष्ट बहुतेक वेळा उजळी असायची. काच तशी स्वच्छ होती तिची.

संशोधनाच्या जहाजावर तिचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. जहाज थांबलेलं, डेकवर दिवे, विंचचा कण्हल्यासारखा आवाज आणि अंधारातून वर येणारी रोझेट. रोझेट म्हणजे लोखंडी कडं, त्यात गोलाकार उभ्या केलेल्या निस्किन बाटल्या. प्रत्येक निस्किन आपापल्या खोलीवर तोंड मिटून वर येते. ती डेकवर टेकली की भोवती माणसं जमतात, कुणाला क्षार मोजायचे, कुणाला हरितद्रव्य, कुणाला जिवाणू. पण पंक्तीत पहिला मान प्राणवायूच्या बाटलीचा. निस्किनची तोटी एकदा उघडली की आत हवा शिरते आणि पाण्यातला वायू बदलायला लागतो, म्हणून आधी बासष्ट, मग बाकीचे. नळीचं टोक तिच्या तळाला टेकवायचं. पाणी हळू सोडायचं, उसळू द्यायचं नाही. बाटली भरली तरी थांबायचं नाही. तिच्या पोटात मावतं त्याच्या दोन-तीन पट पाणी वरून ओसंडून जाऊ द्यायचं. मग नळी सावकाश काढून झाकण तिरकं उतरवायचं. बाटली उलटी करून दिव्यासमोर धरायची. बुडबुडा दिसला तर सगळं पहिल्यापासून. हे हाताला बसायला मला आठ दिवस लागले. जहाजावरचे आमचे सर काही बोलत नसत, फक्त दिव्याकडे बोट करत.

उजाडायच्या आत बाटल्या दोराला बांधल्या जात. वरच्या थरापासून उजेडाचा शंभरावा भाग उरतो तिथपर्यंत, ठरल्या ठरल्या खोलीवर एकेक जोडी. दोराच्या डोक्याला बोया, बोयावर निशाण. मग तो सगळा सांगाडा समुद्राच्या हवाली करायचा. प्रवाह नेईल तिकडे तो जातो आणि जहाज अंतर राखून त्याच्या मागे राहतं. दिवसभर बासष्ट तिथे खाली, हिरवट निळ्या उजेडात आडवी लटकलेली असे. तिला करायचं काहीच नसे, फक्त बंद राहायचं.

संध्याकाळी निशाण शोधणं हे मोठं काम. लाटांवर उन्हाची तिरकी चमक असते आणि त्या चमकेत हाताएवढं फडकं दिसत नाही. आमच्या जहाजावरचा सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, रत्नागिरीकडचा होता. सगळे दुर्बिणी लावून बघत असताना तो उघड्या डोळ्यांनी, कपाळावर हात धरून बघे आणि आधी त्यालाच दिसे. दोर वर ओढला, पाणी निथळणाऱ्या बाटल्या एकेक हाती यायला लागल्या की तो म्हणे, "मॅडम, पोरं आली तुमची. मोजून घ्या." मी खरोखरच मोजून घेत असे.

त्यानंतरचा अर्धा तास बासष्टच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर. लायोश विंकलर नावाच्या हंगेरीच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली शोधलेली ही कृती आजही बोटीवर त्याच्याच नावाने चालते. दोन द्रावणं, आमच्या तोंडी 'विंकलर ए' आणि 'विंकलर बी'. पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन दोन्ही एकेक मिलिलिटर सोडायची. झाकण लावून बाटली उलटसुलट करायची. क्षणात आत तपकिरी ढग उठतो, फिरतो आणि मग पावसाळी आभाळासारखा खाली खाली बसत जातो. पाण्यातला सगळा प्राणवायू त्या गाळाने धरून ठेवलेला असतो. मग आम्ल घालायचं. गाळ विरघळतो आणि बाटलीभर कोऱ्या चहाचा रंग उतरतो. ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचं. चहाचा रंग गवती पिवळा होतो. इथे स्टार्च घालायचा, म्हणजे सुती साडीला घालतो ती खळच, पातळ केलेली. पिवळ्याचा एकदम गर्द निळा होतो. आता श्वास रोखून एकेक थेंब. आणखी एक. आणखी अर्धा. निळा गेला, पाणी पुन्हा पाण्यासारखं. किती थायोसल्फेट लागलं ते वहीत लिहायचं. त्या आकड्यात प्राणवायू आहे.

बासष्टवर माझ्या हातून एकदा अन्याय झाला, तो सांगायलाच हवा. या बाटल्यांत झाकण ज्याचं त्यालाच लागतं. कारखान्यात सगळ्या सारख्या दिसल्या तरी दर बाटलीचं पोट आणि झाकण यांत बारीक फरक असतो. म्हणून प्रत्येक बाटली तिच्या झाकणासह तोलून तिचं नेमकं माप काढलेलं असतं आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. एका रात्री, सलग तिसऱ्या स्टेशननंतर, म्हणजे पाणी घ्यायच्या ठरल्या थांब्यानंतर, बाटल्या धुताना बासष्टचं झाकण मी सव्वीसला लावलं आणि सव्वीसचं बासष्टला. ६२ आणि २६. झोपेने डोळे मिटत होते. फरक एखाद्या मिलिलिटरचा पडला असेल. दुसऱ्या दिवशी बासष्ट काळी पट्टी लावून खाली गेली होती. संध्याकाळी हिशेब केला तर तिच्यात सकाळपेक्षा प्राणवायू जास्त. सरांनी वही दोनदा वाचली आणि शांतपणे विचारलं, "अंधारात कमाई झाली?"

मग झाकणं बघितली.

उघड्या समुद्रात दिवसभराचा खर्च एकूण प्राणवायूच्या शंभराव्या हिश्शाइतकासुद्धा नसतो कधी कधी. तेवढ्यात एका मिलिलिटरची चूक म्हणजे सगळं बुडालं. त्या जागेचा, त्या दिवसाचा आकडा गेला तो गेला. जहाज तोवर पुढच्या स्टेशनकडे निघालेलं होतं आणि समुद्राचा तो दिवस पुन्हा मिळत नाही. तेव्हापासून मी कोणतंही झाकण नंबर वाचल्याशिवाय लावत नाही, घरच्या बरण्यांचंही.

बासष्टच्या घराण्यावर मोठा प्रसंग आला तो तिच्या जन्माच्या कितीतरी आधी. भर समुद्रात, जिथे पीक विरळ आहे, तिथे उजळी-काळीचा फरक इतका कमी पडतो की या बाटल्यांना तो धड सांगता येत नाही. स्टीमन नील्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५० ते १९५२ च्या 'गलाथिया' मोहिमेवर दुसरी वाट काढली. खायच्या सोड्यातला कार्बन किरणोत्सारी करून तो चिमूटभर बाटलीत घालायचा. प्लवक अन्न करताना इतर कार्बनबरोबर तोही खातात. संध्याकाळी पाणी जुन्या रुपयाएवढ्या काचतंतूंच्या गाळणीतून गाळायचं आणि गाळणीवर किती किरणोत्सर्ग उतरला ते यंत्राने मोजायचं. ही रीत विलक्षण बारीक निघाली. आपल्याकडे अणुऊर्जा विभागाच्या वाशीच्या संस्थेकडून या सोड्याच्या सीलबंद कुप्या जहाजांवर येत. या कामासाठी पुढे पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या आल्या, हलक्या, न फुटणाऱ्या. बासष्टच्या त्या जावा. त्यांनी हळूहळू घरातली बरीच कामं आपल्याकडे घेतली.

पण जावांनाही त्यांचे दोष आहेत आणि ते सगळ्या बाटल्यांचेच आहेत. नव्या रीतीचे आकडे जुन्या अंदाजांच्या मानाने फारच खाली आले आणि कोण खरं यावर कितीतरी वर्षं वाद चालला. १९८०च्या दशकात कळलं की बाटल्या, नळ्या, तार यांतून सुटणाऱ्या धातूंच्या अंशाने प्लवकच आजारी पडत होते. ज्यांना मोजायचं त्यांनाच विष घातलं जात होतं. मग आम्लाने बाटल्या धुण्याचं सोवळं सुरू झालं, आणि त्या सोवळ्यात मी स्वतः हात पांढरे होईपर्यंत राबले आहे. एवढं करूनही समुद्राचा घोटभर भाग भिंतीत कोंडला की तो समुद्र राहत नाही. लाटा नाहीत, वर-खाली होणं नाही, भिंतीला जिवाणू चिकटून वाढतात. बासष्टला हे बोलता आलं असतं तर तिने कबूल केलं असतं असं मला वाटतं. मी जे सांगते ते बंद दारामागचं आहे, एवढं ध्यानात ठेवून ऐका.

आपल्याकडे हे काम जुनं आहे. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत 'किस्तना', 'वरुणा', 'काँच' अशी आपली जहाजं होती. 'वरुणा' तर नॉर्वेच्या मदतीने चाललेल्या प्रकल्पातली. त्या मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली आणि तिचं मुख्य ठाणं गोव्यात दोना पावलाला झालं. तिचे एक संचालक डॉ. एस. झेड. कासिम अलाहाबादचे, म्हणजे आमच्यासारखेच समुद्रापासून दूरच्या मुलखातले. कोचीच्या खाडीत उत्पादकता मोजणारा हा माणूस पुढे १९८१ मध्ये भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम घेऊन गेला. गाळ वाहणाऱ्या बोटीतून बदलून घेतलेली 'गवेषणी' १९७६ मध्ये आली, आणि जर्मनीत बांधलेली शंभर मीटर लांबीची 'सागर कन्या' १९८३ मध्ये. या नावांवर माझा फार जीव आहे.

आणि एक गोष्ट अशी की ती समजली तेव्हा मला ग्वाल्हेर आणि समुद्र एकमेकांना लागून आहेत असं वाटलं. अरबी समुद्र पावसाळ्यात सुपीक होतो हे जुनंच ज्ञान. नैर्ऋत्येचा जोरदार वारा सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यावर खालचं खतावलेलं पाणी वर खेचतो. पण उत्तरेचा अरबी समुद्र भर हिवाळ्यातही हिरवा होई, आणि तेव्हा तर वारा मंद. मग खत वर येतं कसं? १९९२ ते १९९७ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी 'सागर कन्या' आणि 'सागर संपदा' या जहाजांवरून अरबी समुद्राचा ऋतुवार हिशेब मांडला आणि १९९६ साली एम. मधुप्रताप व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये उत्तर छापलं. हिवाळ्यात उत्तरेकडून, जमिनीवरून, कोरडा गार वारा समुद्रावर उतरतो. वरचं पाणी गारठतं, वाफ जास्त होऊन खारं होतं, जड होतं आणि बुडतं. ते बुडालं की खालचं नायट्रेटचं पाणी वर येतं. नांगर फिरल्यासारखी माती वर-खाली होते आणि पीक धरतं.

जानेवारीत नया बाजारात दुकानांच्या फळ्या उशिरा निघतात, हमाल शेकोटीभोवती उकिडवे बसतात, आजी दोन शाली घेऊनही कुडकुडते आणि वाऱ्याला शिव्या घालते. हाच वारा तिथे पोचतो असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पण तो याच घराण्यातला आहे, याच हंगामाचा. आजीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे इथे हाडं गोठतात तेव्हा तिथे पेरणी होते."

पेरणीची दुसरी बाजूही बासष्टने मला दाखवली. त्याच समुद्रात दोनशे मीटरखालून आलेलं पाणी एकदा तिच्यात भरलं. ए घातलं, बी घातलं, उलटसुलट केलं. तपकिरी ढग उठलाच नाही. दुधासारखा पांढरा गाळ आला. पांढरा म्हणजे प्राणवायू जवळजवळ नाही. वरच्या थरातलं न खाल्लेलं, मेलेलं सगळं खाली पडत जातं, जिवाणू ते खातात आणि खाता खाता श्वासाची शिल्लक संपवतात. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत हा गुदमरलेला थर पसरला आहे, जगातल्या सगळ्यात जाड थरांपैकी एक. इतकी वर्षं पुस्तकात वाचलं होतं. पण हातातली बाटली पांढरी झाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

आता उपग्रह समुद्राचा रंग वरून पाहतात. २६ मे १९९९ला आपला पहिला ओशनसॅट गेला, तेव्हापासून एका नजरेत अख्खा अरबी समुद्र दिसतो. मला त्याचा आनंद आहे. पण पावसाळ्यात ढग आडवे येतात, उपग्रहाला वरचा पातळ पदरच दिसतो, आणि रंगावरून पिकाचा आकडा काढताना तो खरा की खोटा हे शेवटी कुणीतरी पहाटे चारला पाण्यात बाटली सोडूनच ठरवावं लागतं.

गेल्या थंडीत आजी म्हणाली, तुझी बाटली काय करते ते दाखव तरी एकदा. गच्चीवरच्या जुन्या हौदात शेवाळ आलं होतं. त्याचे चार हिरवे धागे आणि हौदाचं पाणी बासष्टमध्ये भरलं, झाकण तिरकं उतरवलं आणि ती कठड्यावर उन्हात ठेवली. आजी मोडा घेऊन समोर बसली. अकरापर्यंत काही नाही. मग धाग्यांवर मोहरीहून बारीक, चांदीसारखे ठिपके दिसायला लागले. बारा वाजता ते सुटून वर जायला लागले आणि झाकणाच्या तिरक्या टोकाखाली जमले. आजीने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. जेवायला खाली आली नाही.

"आणि काळी कुठे आहे?" तिने विचारलं.

काळी नव्हतीच माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी मी बासष्टमध्ये तसंच ताजं पाणी, तसेच चार धागे भरले. आजी खाली गेली आणि खुंटीवरची आजोबांची काळी टोपी घेऊन आली. बारा वर्षं ती टोपी कुणी हलवली नव्हती. वर फडकं गुंडाळून तिने ती बाटलीवर घातली, खालची फट पदराने झाकून पाहिली, मग फडक्यानेच नीट बंद केली. दिवसभर दोघी उन्हात बसलो. पाचला तिने स्वतःच्या हाताने टोपी काढली. झाकणाखाली एकही बुडबुडा नव्हता.

आजीने टोपीची धूळ झटकली, घडी सरळ केली, आणि बाटली उचलून खिडकीत, पूर्वेला, नंबर बाहेर येईल अशी ठेवली.